अंगणातली जुनी फियाट आणि आजोबांचे हात

वृद्ध आईवडिलांना घेऊन दवाखान्यात येणारी मुले-सुना बहुधा औषधे, आहार, झोप आणि पडण्याची भीती यांविषयी विचारतात. आमच्या अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही असलेल्या ‘नगरा’त, मला अधूनमधून आणखी एक प्रश्न ऐकावा लागतो. तपासणी संपते, वडील काठी टेकत बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात आणि मुलगा मागे रेंगाळून हळूच विचारतो, ‘‘डॉक्टर, बाबांची ती जुनी गाडी विकून टाकू का?’’

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दात देत असे. ते उत्तर अपुरे होते, असे आज मला वाटते. ते का, हे सांगण्यासाठी या पंधरवड्याचा लेख.

चाकांचे गाव

हा प्रश्न आमच्याकडे वारंवार निघतो, त्याला गावाचा इतिहासही कारण आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर या मार्गावर धावली. घरोघरी पोहोचलेली लूना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना येथला. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, आणि वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण खात्याची संस्थाही येथेच आहे. उमेदीची वर्षे पाने, ग्रीस आणि इंजिनाच्या आवाजात घालवून निवृत्त झालेली माणसे या जिल्ह्यात गावोगाव भेटतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली आच्छादन घातलेली प्रीमियर पद्मिनी उभी असते.

या गाडीची ओळख ज्येष्ठ वाचकांना करून देण्याची गरज नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बांधावयास घेतली. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, तरी लोकांनी तिला फियाटच म्हटले. तिच्या आधीच्या, पन्नासच्या दशकातील गोलसर गाडीला तर ‘डुक्कर फियाट’ हे प्रेमाचे नाव होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाल्या.

१०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, कार्ब्युरेटर आणि चोक असा या गाडीचा सरळ संसार आहे. तिच्यात संगणक नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो किंवा वासावरून कळतो, आणि घरातल्या पान्यांनी बराचसा दुरुस्तही होतो. ही गाडी घरी जपता येते ती याच कारणाने, आणि म्हातारपणी ती हाताला काम देते तेही याच कारणाने.

वजनावर गेलेली गाडी

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ माझ्याकडे येत असत. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मधुमेह जुना, पायांची संवेदना कमी झालेली. महिन्याभरात त्यांची फियाट दोनदा फाटकाला घासली होती, आणि एकदा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला होता. समोर कोणी नव्हते, हे दैव. मुलाने प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिले, ‘‘विकून टाका. लवकर.’’

ते एका लग्नासाठी परगावी गेले असताना गाडी भंगारवाल्याकडे वजनावर गेली. परत आल्यावर ते रिकाम्या शेडपुढे थोडा वेळ उभे राहिले आणि घरात गेले. भांडले नाहीत, काही विचारलेही नाही. पुढे त्यांचे सकाळी अंगणात जाणे थांबले. पान्यांची पेटी त्यांनी स्वतःच कोणाला तरी देऊन टाकली. जेवण कमी झाले, दुपारची झोप लांबली. सहा-सात महिन्यांनी ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले.

गाडी गेली म्हणून ते पडले, असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी पडण्यास अनेक कारणे असतात. पण बैठे राहणाऱ्या माणसाचे स्नायू झपाट्याने उतरतात आणि तोल बिघडतो, हे वैद्यकशास्त्र मला ठाऊक होते. रोज तासभर त्यांना वाकवणारे, उठवणारे, चालवणारे एकमेव काम मी एका वाक्यात काढून घेतले होते, याचा विचार मात्र मी केला नव्हता. वाहन चालवणे बंद करा, हा माझा सल्ला योग्य होता. गाडी घालवा, हा सल्ला त्यात मी विनाकारण मिसळला, आणि तोही त्यांना न विचारता.

चालवणे वेगळे, जपणे वेगळे

पुढे सावेडी भागातील एक आजोबा आले. वय अठ्ठ्याहत्तर, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त. काचबिंदूमुळे त्यांच्या बाजूची नजर बरीच गेली होती. काचबिंदूची खोड अशी की समोरचे अक्षर स्वच्छ वाचता येते, त्यामुळे माणसाला वाटते आपली नजर ठीक आहे. बाजूने येणारी सायकल किंवा रस्त्यात उतरलेले मूल मात्र दिसत नाही. नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत हे स्पष्ट झाले होते आणि गेलेली नजर परत येणार नव्हती.

या वेळी मी आजोबांना, आजींना आणि सूनबाईंना एकत्र बसवले. तपासणीचा कागद आजोबांच्या हाती दिला. काळे भाग कोणते आणि त्यांचा रस्त्यावर अर्थ काय, हे त्यांना समजावले. बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, ब्रेक लागत नसलेली गाडी मी कधी कार्यशाळेबाहेर सोडली नाही. मलाही सोडता येणार नाही, असंच ना?’’

आजींनी डोळ्याला पदर लावला. सूनबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, गाडी कुठं जात नाही. चालवील नातू. पण ती चालू राहील की नाही, ते तुमच्याकडंच.’’ त्या घरातला निर्णय त्या वाक्याने झाला.

हाच फरक मला वाचकांपुढे ठेवायचा आहे. गाडी चालवण्यास नजर, मान वळवण्याची लवचीकता आणि क्षणार्धात पाय हलवण्याची चपळाई लागते. यांतले काही गेले तर दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो. गाडी जपण्यास अनुभव, कान, बोटे आणि सवड लागते. ती बहुधा पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. पहिले थांबवताना दुसरेही थांबवण्याचे कारण नाही.

याची साक्ष नगरातच आहे. चिलखती दलाच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉईसच्या चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धात हाती आलेल्या पॅटन रणगाड्यांपर्यंत अनेक जुनी वाहने उभी आहेत. १९९४ पासून लोक ती पाहावयास येतात. ती आता लढत नाहीत, तरी कोणी त्यांना भंगार म्हणत नाही. त्यांची निगा राखली जाते. आणि नगरजवळच्या मेहराझाद येथे मेहेरबाबांच्या भारतभ्रमणातील निळ्या बसचा सांगाडा भक्तांनी आजही जपला आहे. जे वाहन रस्त्यावरून उतरले ते घरातून उतरलेच पाहिजे, असा नियम नाही. माणसाविषयी तर तो असूच नये.

हाताच्या कामाचा उपयोग

जुनी गाडी जपणारा माणूस दिवसातून किती वेळा उठतो-बसतो, हे एकदा मोजून पाहावे. बोल्ट घट्ट करताना पकडीची ताकद वापरली जाते, लहान स्क्रू वेचताना बोटांचे बारीक काम होते, आणि इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखताना स्मरण आणि तर्क दोन्ही जागे राहतात. शिवाय माणसे येतात. जुन्या सुट्या भागांची चौकशी करावी लागते, कुर्ल्याच्या बाजारात कोणाला तरी धाडावे लागते, दुसऱ्या फियाटवाल्याशी फोनवर बोलावे लागते. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत शारीरिक निष्क्रियता, एकाकीपणा, तसेच कान आणि डोळे यांचे दुर्लक्षिलेले दोष यांचा समावेश आहे. जुनी गाडी हे स्मृतिभ्रंशावरचे औषध नव्हे. तथापि माणसाला हलते, बोलते आणि गरजेचे ठेवणारे कोणतेही काम उपकारकच असते.

कामाची वाटणी

सावेडीच्या त्या घरी आम्ही कामाचे तीन भाग केले. आपल्या घरी त्यात फेरफार करता येईल.

पहिला भाग आजोबांचा एकट्याचा. थंड इंजिनाच्या ऑइलची पातळी काडीवर पाहणे, रेडिएटरचे पाणी पाहणे, टायरमधील हवा तपासणे, उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहणे, खुर्चीवर बसून सुटे केलेले लहान भाग साफ करणे, काच व क्रोम पुसणे आणि वहीत नोंद ठेवणे. ती वही फार महत्त्वाची. तारीख, काम आणि पुढील कामाची आठवण त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी.

दुसरा भाग सोबतीने करायचा. बॅटरीचे पाणी भरणे, स्पार्क प्लग काढणे, प्लॅटिनम पॉइंट घासणे, कार्ब्युरेटर साफ करणे, पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवून आणणे. चालवणारा नातू, शेजारी आजोबा. नुसते इंजिन सुरू करून जागेवर घुरघुरत ठेवण्यापेक्षा थोडे अंतर फिरवणे गाडीला चांगले, आणि आजोबांनाही. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेक चिकटतात. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडसर लावावा.

तिसरा भाग मिस्त्रीचा. गाडीखाली जाऊन करायचे प्रत्येक काम, ब्रेक, क्लच, वेल्डिंग, रंगाचा फवारा आणि गिअरबॉक्स. आजोबांनी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसावे आणि देखरेख करावी. त्यांच्या देखरेखीला मिस्त्रीही मान देतात, हे मी पाहिले आहे.

हे धोके विसरू नयेत

• बंद शेडमध्ये इंजिन सुरू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे थकवा समजून सोडून दिली जातात. गाडी आधी मोकळ्यात ढकलावी, मग सुरू करावी.

• जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. केवळ जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही हात-पाय घालू नये.

• नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची जुनी सवय सोडावी. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होतो. चुकून गिळले तर उलटी करवू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

• पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा कूलंट पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असते. घरात विसराळू वृद्ध आणि लहान मुले दोघेही असतात.

• हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने लवकर खराब होऊ शकतात. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करू नये. पाइप नव्या प्रतीचे बसवून घ्यावेत आणि शेडमध्ये अग्निशामक नळकांडे ठेवावे.

• जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या झोताने उडवू नये. ती फुप्फुसात साचते आणि तिचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसतात.

• बॅटरीजवळ विडी, काडी, ठिणगी नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. ॲसिड अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास धुणे थांबवू नये आणि डॉक्टरांकडे जावे. बॅटरी वृद्धांनी उचलू नये.

• तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

ज्याची प्रकृती, त्याची काळजी

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उकिडवे बसून एकदम उठू नये. चक्कर येऊन पडण्याची भीती असते. उंच स्टूल घ्यावे आणि धरावयास भक्कम आधार असावा. मधुमेहींनी अंगणात कधीही अनवाणी काम करू नये. पायांची संवेदना कमी असेल तर पायात रुतलेली तार किंवा सायलेन्सरचा चटका कळत नाही, म्हणून काम संपल्यावर तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या कोणाला तरी पाहावयास सांगाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर साधी खोचही बराच वेळ वाहते; हातमोजे घालावेत, स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या वायरी आणि इग्निशन कॉइल यांपासून छाती किमान एक फूट दूर ठेवावी, बॉनेटवर वाकू नये. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. हात धुण्यास पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये; वृद्धांची त्वचा आधीच कोरडी असते. थोडे खोबरेल तेल चोळून मग साबणाने धुतल्यास ग्रीस निघते.

नगरचा उन्हाळा कडक. मार्च ते जूनमध्ये पत्र्याच्या शेडमधले काम सकाळी नऊच्या आत संपवावे आणि पाण्याचा तांब्या शेजारी असावा.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली असेल तर काम बंद करण्याऐवजी ते सोपे करावे. नावे आणि तारखा विसरल्या तरी हाताच्या सवयी बराच काळ टिकतात. नट-बोल्ट मापाप्रमाणे वेगळे करणे, पाने पुसून ओळीने लावणे, क्रोम चकाकवणे ही कामे दीर्घकाळ आनंद देतात. मात्र किल्ली घरच्यांकडे राहील, बॅटरीची तार काढलेली असेल आणि धारदार हत्यारे मोजून ठेवली जातील, हे पाहावे. किल्ली काढून घेताना खोटे बोलू नये. शक्य असेल तर डॉक्टरांच्या तोंडून सांगवावे. राग डॉक्टरांवर निघाला तर घरातले नाते शाबूत राहते.

थांबण्याची वेळ आणि कायदा

फाटकाला वा गाडीला नव्याने पडलेले पोचे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, ब्रेक-ॲक्सिलरेटरचा गोंधळ, इतरांचे वारंवार हॉर्न, रात्री समोरच्या दिव्याने दिपणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसताच डोळे, कान आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. प्रत्येक दोष कायमचा नसतो. मोतीबिंदू काढल्यावर किंवा गुंगी आणणारी गोळी बदलल्यावर अनेकजण पुन्हा सुरक्षितपणे गाडी चालवतात. म्हणून तपासणीआधी निकाल देऊ नये.

वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्राकडे औपचारिकता म्हणून पाहू नये. गाडीचीही तपासणी असते: खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यापुढे पाच-पाच वर्षांनी योग्यता तपासून नूतनीकरण. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय आहे. ती दहा वर्षांसाठी असते, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशाच कारणांसाठी आणता येते.

मुलाला उत्तर

मागच्या दिवाळीत सावेडीला त्या घरी जाण्याचा योग आला. नातवाने गाडी अंगणात काढली होती आणि बॉनेट उघडे होते. आजोबा चार हात लांब खुर्चीवर बसले होते. काचबिंदूने अंधुक केलेली नजर त्यांनी मिटून घेतली होती. क्षणभर ऐकून ते म्हणाले, ‘‘टॅपेट वाजतंय रे, तिसऱ्याचं. बंद कर, थंड होऊ दे, मग बघू.’’ नातवाने निमूटपणे किल्ली फिरवली आणि वही आणावयास धावला.

दवाखान्यात मागे रेंगाळणाऱ्या मुलाला मी आता लगेच उत्तर देत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना आत बोलावतो आणि तिघे मिळून विचार करतो. कधी गाडी ठेवणे खरोखरच परवडत नाही, जागा नसते, करणारे कोणी नसते. मग ती विकावीच लागते. तेव्हाही ज्याने ती वर्षानुवर्षे जपली त्याच्या हातून, त्याच्या देखत, त्याच्या पसंतीच्या माणसाला द्यावी. आणि पान्यांची पेटी मात्र घरात राहू द्यावी. सैल झालेल्या बिजागऱ्या, गळणारे नळ आणि नातवंडांच्या सायकली कोणत्याही घरात असतातच.